पहिल्या रविवारची भाकर

सिस्टर भेटल्या की नमस्कार करत नसत; सरळ मनगट धरत. तीन बोटं नाडीवर, नजर तुमच्या डोळ्यांत, आणि ओठ आतल्या आत मोजत. भाजीवाला असो, रिक्षावाला असो, नाहीतर चर्चला नव्यानं आलेले पाळकसाहेब असोत, सगळ्यांना तोच न्याय. मोजून झालं की निकाल यायचा. "लई पळतीये. काय लपवतो रे?" किंवा "मंद आहे. सकाळपासून काय खाल्लं नाय तू." पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढल्यावर निवृत्तीला दहा वर्षं झाली होती, पण हाताची सवय गेली नव्हती. त्यांचं नाव काय होतं हे मला घराच्या पाटीवरून कळलं. त्या नावानं त्यांना हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. अख्ख्या पडेगावला त्या सिस्टर होत्या.

मी खुलताबादच्या बाजूच्या एका खेड्यातून शहरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागले, तेव्हा त्यांच्याकडे खोली बघायला गेले होते. त्यांनी दारातच मनगट पकडलं आणि विचारलं, "ज्वारी खाती का?"

"खाते."

"थापता येती?"

"येते की."

"मग राह्य."

मी म्हटलं, "सिस्टर, आम्ही बौद्ध आहोत. आधी सांगितलेलं बरं."

"मी विचारलं का?" त्या म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. किल्लीवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी, आणि पट्टीवर माझ्या येण्याची तारीख आधीच लिहिलेली. मी राहणार हे त्यांनी मला बघायच्या आधीच ठरवलं असावं.

त्या घरात सगळ्याच वस्तूंना अशी पट्टी असे. मिठाच्या बरणीला, कात्रीला, रेडिओला. अंगावर पांढरं पातळ, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. चर्चमध्ये गीत गाताना त्या बाकीच्यांच्या अर्धी ओळ पुढे असत. पेटीवाला त्यांना गाठायला धावायचा, मंडळी पेटीला गाठायला धावायची, आणि गीत संपलं की सिस्टर समाधानानं मागं वळून बघायच्या, सगळे पोचले का म्हणून.

पण त्यांची खरी तऱ्हा दिसायची ती महिन्याच्या पहिल्या रविवारी. त्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजन असे. येशूनं मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांसोबत जेवताना भाकर मोडून दिली, द्राक्षारसाचा प्याला दिला आणि माझी आठवण म्हणून हे करत राहा असं सांगितलं, म्हणून हा विधी. हे सगळं मला सिस्टरनीच सांगितलं, ज्वारी निवडता निवडता. बाकीच्या चर्चांत पावाचे तुकडे किंवा पातळ पापडीसारखं काही देतात. इथं मात्र ज्वारीची भाकरी असायची, आणि ती सिस्टरनी भांडून मिळवली होती.

"मराठी बायबलात काय लिव्हलंय? भाकर. मग पाव कुठून आला?" असं त्यांनी वीस वर्षांपूर्वीच्या पाळकसाहेबांना विचारलं होतं. त्यांनी मूळ भाषेतला शब्द समजावून सांगितला. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्यात भाकरीच नेऊन ठेवली. पाळकसाहेबांनी ती मोडली तेव्हा कडेचा पापुद्रा कुडकन वाजला आणि मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या रडायला लागल्या. त्यानंतर कुणी पाव आणला नाही.

शुक्रवारी त्या स्वतः गिरणीत उभ्या राहून दळण आणायच्या. शनिवारी दुपारी काळे मनुके भिजत घालायच्या, संध्याकाळी ते हातानं चुरडून, उकळून, गाळून रस करायच्या. दारू त्या चर्चमध्ये चालत नव्हती. मी एकदा म्हटलं, "मिक्सर आहे ना सिस्टर."

"आहे. पण दाणा दळल्याबिगर भाकर नाय, आन् द्राक्ष चिरडल्याबिगर रस नाय. ते चिरडणं हाताला कळाय पायजे. प्रभूनं फळं नाय ठेवली टेबलावर, फुलं नाय ठेवली. ज्याला सगळ्यात जास्त सोसावं लागतं, तेच दोन जिन्नस उचलले, आन् म्हनला, हा मी."

मी विचारलं, "पण ते खरंच शरीर आणि रक्त होतं, असं तुम्ही मानता?"

"त्याच्यावरून मोठमोठी लोकं भांडली. मला त्यातलं कळत नाय. मी रक्ताच्या बाटल्या लावलेल्या हायेत. एकदा एका पेशंटचा भाऊ मला विचारतो, सिस्टर, हे रक्त कुनाचं? म्हनलं, आता तुझ्या भावाचं. त्या बाटलीतलं ज्या घडीला आत गेलं, त्या घडीला त्याचं झालं. मला एवढंच कळतं. घेतलं की आपण एका रक्ताचे झालो."

त्याच शनिवारी संध्याकाळी त्यांची माफीची फेरी निघायची. मनात गाठ ठेवून प्रभूच्या टेबलाशी जायचं नाही, हा त्यांचा नियम. आणि महिनाभर त्या जीभ आवरत नसल्यामुळं फेरी लांबलचक असायची. कागदावर यादी असे. दूधवाला, पलीकडच्या गल्लीतली शिंपीण, बसचा कंडक्टर, आणि बहुतेक वेळा मी. माफी मागायची पद्धतही त्यांचीच. "त्या दिवशी मी तुला आळशी म्हनले. आळशी तू हायेसच, पण चारचौघांत म्हनायला नको होतं." कितीतरी वेळा माफीतूनच नवं भांडण उभं राहायचं आणि त्याची माफी मागायला त्या अर्ध्या तासानं पुन्हा त्याच दारात.

रविवारी भाकरीचा डबा आणि रसाची बरणी घेऊन मी त्यांच्यासोबत चर्चला जायची. डबा ठेवून मी मागच्या बाकावर बसे. मी त्यातलं काही घेत नसे, आणि त्यांनीही कधी आग्रह केला नाही. "तुझ्यासाठी घरी दुसरी भाकर हाये," म्हणायच्या. मागच्या बाकावर माझ्या शेजारी दानियलभाऊ, त्यांची बायको आणि दोन मुली बसायच्या. ते जालन्याकडून आलेलं कुटुंब. दानियलभाऊ ठेकेदाराकडे ड्रेनेज लाइन साफ करायला जायचे. चेंबरमध्ये उतरायचं काम. रविवारी ते इतके स्वच्छ होऊन येत की साबणाचा वास आमच्या बाकावर भरून राही. तरीही ते कडेला, भिंतीला टेकून बसत.

कोरोनाच्या काळात चर्चमधला प्याला कपाटात गेला होता. आधी एकाच प्याल्यातून सगळे पीत. तो बंद करायला सिस्टरनीच सांगितलं होतं. शेवटी त्या नर्स. मग प्लॅस्टिकचे इवलेसे पेले आले. साथ गेली, भाकरी परत आली, पेले मात्र राहिले. तबक पुढून मागं फिरायचं आणि दानियलभाऊंपर्यंत सगळ्यात शेवटी पोचायचं. तबक फिरवायचा तो क्रम चर्चच्या सेक्रेटरीसाहेबांनी लावून दिला होता. साहेब एका मोठ्या कचेरीतून निवृत्त झालेले, टापटीप, बोलणं मोजकं. चर्चच्या छपरापासून पंख्यापर्यंत सगळं त्यांनी उभं केलेलं. वाईट माणूस मुळीच नव्हता. पण दानियलभाऊ दारात दिसले की साहेब घड्याळात बघायला लागायचे, हे मलाही दिसत होतं. सिस्टरना तर कधीचंच दिसलं होतं.

एका शनिवारी त्यांनी तो प्याला घरी आणून माझ्यासमोर ठेवला. चांदीचा मुलामा अर्धा उडालेला, कडेला पोचा आलेला.

"ह्याला माझ्या आजीचं तोंड लागलंय," त्या म्हणाल्या. "गावात तिला पानी वरून ओतायचे, ओंजळीत. निम्मं कोपरावरून खाली जायाचं. जल्मात तिनं दुसऱ्याच्या हातातलं भांडं तोंडाला लावलं ते पहिल्यांदा हे. तिच्या आधी गोरे मिशनरी प्याले होते, तिच्यानंतर पाटलाच्या घरातून आलेला एक जन प्याला. ती सांगायची, पोरी, गोड हाय का आंबट ते मला कळलंच नाय. माझ्या मागच्यानं तोंड पुसलं नाय, एवढंच मी बघत व्हते."

माझ्याही आजीची ओंजळ तशीच होती. सिस्टरनी माझं मनगट धरलं, मोजलं, आणि पहिल्यांदाच निकाल न देता सोडून दिलं.

पुढच्याच आठवड्यात चर्चच्या कमिटीची बैठक सिस्टरच्या ओसरीवर भरली. मी आत चहा करत होते, दार उघडं होतं. सिस्टरनी सरळ मागणी केली, प्याला परत पाहिजे.

"संसर्गाचं काय?" साहेबांनी विचारलं. "तुम्ही स्वतः नर्स आहात."

"म्हनून तर सांगते. तोंड लावायचं नाय. एक भाकर, एक प्याला. भाकरीचा तुकडा घ्यायचा, रसात बुडवायचा, खायचा. कालवणात बुडवतो तसा. आन् बाकावर बसून नाय, समदे उठून पुढं येतील."

पाळकसाहेब तरुण होते. त्यांनी मान डोलावली. "अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे."

"पण तुकडे मोडून कोण देणार?" साहेब म्हणाले. "दर महिन्याला मंडळीतलं कुणीतरी एक असतं. त्याचे हात लागणार."

"दानियल देईल," सिस्टर म्हणाल्या.

साहेब हळू आवाजात बोलले, "त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण त्यांचं काम कसलं आहे, हे आपल्याला माहीत आहे. लोकांना किळस वाटली तर लोकांना दोष देऊ नये."

सिस्टर उठल्या. कॅनव्हासचे बूट वाजवत त्यांच्यापाशी गेल्या आणि त्यांचं मनगट धरलं. साहेबांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क भीती दिसली. मोठ्या माणसाच्या तोंडावर अशी भीती मी कधी पाहिली नव्हती. बाकीचे वाट बघत बसले, आता सिस्टर काय सुनावणार. ज्या बाईनं कधी कुणाला सोडलं नाही, ती आता काय बोलेल याचा नेम नव्हता.

सिस्टरनी हात सोडला. "ठीक हाये नाडी," एवढंच म्हणून त्या जागेवर जाऊन बसल्या.

पाळकसाहेबांनी निर्णय दिला. पुढच्या महिन्यापासून एक भाकर, एक प्याला, आणि दानियलभाऊ.

दानियलभाऊंना मनवणं त्याहून अवघड गेलं. ते घरी आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. "सिस्टर, कशाला? माझ्या हातचं कुनी खानार नाय. पोरींसमोर माझी शोभा हुईल."

"आधी मी खाईन."

"तुमी खाल. बाकीचे?"

"बाकीच्यांचं बाकीचे बघतील. तू रोज ह्या गावाची घाण वाहतोस. प्रभूनं काय केलं दुसरं? त्याच्या टेबलाशी तुझा हात नाय चालला, तर मग कुनाचा चालनार?"

दानियलभाऊंनी आपले हात उलटेपालटे करून बघितले. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या साबणानं धुवू?"

"रोजच्या," सिस्टर म्हणाल्या.

पहिल्या महिन्यात सिस्टर सगळ्यांत पुढं उभ्या राहिल्या. दानियलभाऊंनी भाकरी मोडली. "प्रभूचं शरीर, तुमच्यासाठी," असं ते म्हणाले, पण अर्धे शब्द घशातच राहिले. सिस्टरनी तुकडा घेतला, पाळकसाहेबांच्या हातातल्या प्याल्यात चांगला बुडवला आणि डोळे मिटून खाल्ला. मागोमाग म्हाताऱ्या उठल्या, तरुण पोरं उठली. पण निम्मी मंडळी बसून राहिली. साहेब पहिल्या बाकावर, मान ताठ. दुसऱ्या महिन्यात बसणारे आठ-दहाच होते. प्रत्येक वेळी दानियलभाऊ शेवटी एक तुकडा तबकात ठेवत. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांच्या वाट्याचा तुकडा ठेवायची कल्पना त्यांचीच. उपासना संपेपर्यंत ते तबक धरून उभे असत.

तिसऱ्या महिन्यातल्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी माफीच्या यादीत पहिलं नाव साहेबांचं होतं. मी सोबत गेले. साहेबांनी दार उघडलं, आम्हाला बसवलं, बायकोला चहा ठेवायला आत पाठवलं.

"बैठकीत मी तुमचा हात धरला," सिस्टर म्हणाल्या. "विचारल्याबिगर धरला. चुकलं माझं."

साहेबांनी आतलं दार लोटून घेतलं. मग आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही सांगून टाकणार."

"काय सांगनार? मला काय बी आठवत नाय."

"तुम्हाला सगळं आठवतं, सिस्टर."

"मी नर्स होते साहेब. वॉर्डातलं वॉर्डातच ठिवून घरी यायचं, हे आमाला पहिल्या दिवशी शिकिवतात."

साहेबांनी चष्मा काढला आणि खिशातून रुमाल काढला. चहा घेऊन आम्ही उठलो. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर सिस्टर एकदम खेकसल्या, "तुला काय करायचंय?" आणि चार पावलं पुढं जाऊन, "चुकलं माझं," म्हणाल्या. ती त्या दिवसातली शेवटची माफी.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलेलं होतं. गीत झालं, सिस्टर अर्धी ओळ आधीच संपवून बसल्या. पाळकसाहेबांनी प्याला उचलला, दानियलभाऊंनी भाकरीचं तबक घेतलं. रांग लागली. त्या दिवशी मंडळीतले एकटे साहेबच बाकावर उरले. त्यांची बायकोसुद्धा रांगेत गेली होती. सगळे आपापल्या जागी परतले. दानियलभाऊंनी शेवटचा तुकडा तबकात ठेवला आणि ते उभे राहिले, नेहमीसारखे.

साहेब उठले. पुढं गेले नाहीत, मंडळीकडे वळले.

"मला दोन शब्द बोलायचे आहेत," ते म्हणाले. त्यांच्या हातात कागद नव्हता. साधी सूचनासुद्धा ते कागदाशिवाय सांगत नसत. "माझी आई डोक्यावर मैला वाहायची. टोपलीतून. त्यावर तिनं मला शिकवलं. मी नोकरीला लागलो त्याच वर्षी ती आजारी पडली. मी तिला दवाखान्यात नेलं. तिथं नाव लिहून घेताना मला विचारलं, ह्या तुमच्या कोण? माझ्या कचेरीतला एक जण शेजारी उभा होता. मी म्हणालो, आमच्या शेजारची बाई."

त्यांची बायको उठू लागली, त्यांनी हातानं तिला थांबवलं.

"आईनं ते ऐकलं. ती पाच दिवस जगली, मी रोज जायचो, आणि रोज शेजाऱ्यासारखा उभा राहून यायचो. शेवटच्या रात्री तिचा हात धरून बसल्या त्या ह्या सिस्टर. आईनं त्यांना सांगितलं असणार, कारण सकाळी सामान देताना त्या मला म्हणाल्या, तुमच्या आईची बांगडी. तेव्हापासून आजपर्यंत त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. बैठकीत सांगितलं असतं तर मी संपलो असतो. मी दानियलला बघितलं की मला त्याचं काम दिसत नव्हतं. मला आई दिसायची. आणि मी घड्याळात बघायचो."

साहेब वळले आणि पुढं गेले. दोन्ही हात त्यांनी समोर धरले.

"दानियल, माझ्या आईच्या हातचं म्हणून दे."

दानियलभाऊंनी तबकातला तुकडा उचलला. या वेळी शब्द अडले नाहीत. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेले. "प्रभूचं शरीर, तुमच्यासाठी. घ्या, भाऊ." साहेबांनी तुकडा रसात बुडवला, तोंडात घातला, आणि चावता चावता ते हमसून रडायला लागले. दानियलभाऊंनी तबक टेबलावर ठेवलं आणि त्यांना धरलं. साहेबांचा पांढराशुभ्र शर्ट त्यांच्या खांद्यावर चुरगळून गेला.

तेवढ्यात सिस्टरनी गीत सुरू केलं. पाळकसाहेबांनी सांगितलं नव्हतं, पेटीवाल्याला पट्टी माहीत नव्हती. पण त्या दिवशी पहिल्यांदाच मंडळीनं त्यांना गाठलं. मागच्या म्हाताऱ्या, पोरं, साहेबांची बायको, दानियलभाऊंच्या दोन्ही मुली, सगळे ताठ उभे राहून इतक्या जोरात गात होते की रस्त्यावरून मेंढरं हाकत चाललेली माणसं फाटकापाशी थांबून आत बघायला लागली. मला ते गीत येत नव्हतं. मी टाळ्या वाजवत होते आणि माझे गाल ओले होते.

उपासनेनंतर कुणी घरी जाईना. कुणीतरी मटण आणायला गेलं, कुणी चुली मांडल्या, मी आणि दानियलभाऊंच्या बायकोनं चर्चच्या मागं बसून भाकरी थापायला घेतल्या. फाटकावरच्या धनगरांनाही आत बोलावलं गेलं. ते आधी लाजले, मग काठ्या भिंतीला लावून पंगतीत बसले. सिस्टर नेहमीप्रमाणे पदर खोचून वाढायला निघाल्या, तसं साहेबांनी त्यांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"सिस्टर, तुम्ही बसा. आज मी वाढणार."

"तुमाला वाढता येतंय का?"

"शिकवा."

सिस्टर बसल्या. धनगरांच्या आणि दानियलभाऊंच्या मध्ये, मांडी घालून, बूट शेजारी काढून ठेवून. साहेब वाकून रस्सा वाढत होते, अर्धा ताटाबाहेर सांडत होता. सिस्टरनी गरम भाकरी दोन्ही हातांनी मोडली, रश्श्यात चुरली आणि जेवायला लागल्या. साहेब दुसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा आले. चौथ्यांदा आले तेव्हा दानियलभाऊ हसून म्हणाले, "सिस्टर, आता बास करा, नाडी बघू का तुमची?"

सिस्टरनी तोंडातला घास न थांबवता डावा हात त्यांच्यापुढं केला, आणि उजव्या हातानं साहेबांना खूण केली, वाढा.